पाऊण मिलिमीटरचा जाच

ओळखपत्र म्हटले की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती फोटोची. फोटोत दोन्ही कान दिसतात की नाही, डोळे मिटलेले आहेत का, पार्श्वभूमी पांढरी हवी की निळी, यांवर कार्यालयात तासन् तास खल चालतो. मात्र ते कार्ड किती जाड असावे, याची चौकशी करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सर्वांची ओळखपत्रे नव्याने करून घेण्याचे लोढणे माझ्या गळ्यात अडकवण्यात आले, तेव्हा ही चौकशी मलाच करावी लागली आणि माझी झोप पाऊण मिलिमीटरच्या फटीत अडकली.

लांबी-रुंदीपुरता जगाने कमालीचा समजूतदारपणा दाखवला आहे. आयएसओ/आयईसी ७८१० या मानकात आयडी-१ नावाचे जे माप आहे, त्यानुसार कार्ड ८५.६० मिलिमीटर लांब आणि ५३.९८ मिलिमीटर रुंद असते. छपाईच्या धंद्यातले लोक त्यालाच सीआर८० म्हणतात. बँकेचे कार्ड घ्या किंवा ग्रंथालयाचे, बहुधा ते याच मापाचे निघते. कोपऱ्यांची गोलाईसुद्धा कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही, तिची त्रिज्या २.८८ ते ३.४८ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते. टोकदार कोपरे अधिक भारदस्त दिसतील, असे आमच्या एका वरिष्ठांनी सुचवले होते. त्यांच्या खिशाच्या अस्तराची मला तेव्हाच दया आली.

जाडीचे मानकही आहेच, ०.७६ मिलिमीटर. पण बाजारात जाडी सांगतात ‘मिल’मध्ये, आणि एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नेहमीचे कार्ड ३० मिलचे असते. हे मी प्रस्तावात लिहिले, आणि लेखा विभागाने टंकलेखनाची चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात त्याचे ‘३० मिलिमीटर’ केले. तीन सेंटिमीटर जाडीचे ओळखपत्र म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात एकेक वीटच लटकली असती. प्रस्तावावर चार सह्या झाल्या, तरी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही, याचे मला अधिक कौतुक वाटते.

त्यानंतर काटकसरीची लाट आली आणि १० मिलची कार्डे घ्यावीत, असे ठरू लागले. हे कार्ड पाव मिलिमीटरचे, बोटांत धरले की वाकते. शिवाय कार्ड छापणाऱ्या अनेक यंत्रांत कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यापाशी जाडी ठरवणारी छोटी कळ असते. ती ३० वर ठेवून १० मिलची कार्डे घातली, तर दोन-तीन कार्डे एकमेकांना बिलगून एकदमच आत शिरतात आणि पुढे सरकायचे नाव घेत नाहीत. हा प्रकार आमच्याकडे यथासांग पार पडला. अडकलेली कार्डे उपसताना ज्याने त्याने त्यांवर बोटे टेकवली, आणि बोटांचा तेलकटपणा लागलेल्या जागी रंग नीट न धरल्यामुळे एका सहकाऱ्याच्या कपाळावर पांढरा डाग उमटला. तो आता त्या डागासकट ओळखला जातो.

कागदावर छापून लॅमिनेशन करावे, ही सूचना येणारच होती. त्यात कागदाच्या चारही बाजूंनी पारदर्शक पट्टी सोडावी लागते, कारण वरचा आणि खालचा थर तिथेच एकमेकांना चिकटतो. पट्टी ठेवली तर कार्ड पाकिटाच्या कप्प्यात मावत नाही, आणि कात्रीने कागदाच्या कडेपर्यंत कापली तर पुढच्या आठवड्यात थर सुटून फोटोतल्या माणसाला वारा लागू लागतो.

दाराजवळ नुसते धरले की दार उघडणारे जुने जाड कार्ड आमच्याकडे आहे, ते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरते. ते छपाईयंत्रात जात नाही, म्हणून त्यावर चिकटवायला पातळ, मागे गोंद असलेले सीआर७९ कार्ड मिळते. कड बाहेर येऊ नये म्हणून ते मुद्दामच किंचित लहान केलेले असते. हा उपाय मला मनापासून आवडला. परंतु चिकटवल्यावर ते कार्ड आणखी जाड झाले, आणि पाकीट आधीच मिटत नव्हते, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मग जाड कार्डांऐवजी आत अँटेना असलेली ३० मिलची नवी कार्डे आली. ती गळ्यात अडकवण्यासाठी भोक पाडण्याचे काम एका उत्साही मदतनिसाने अंगावर घेतले. अशा कार्डांत अँटेनाची तार बहुधा कडेकडेने फिरवलेली असते. त्याने वरच्या कडेला मधोमध, अगदी देखणे भोक पाडले, तार तुटली आणि कार्ड मुके झाले. पुढच्या कार्डांना भोक न पाडता ती धारकात ठेवायचे ठरले. धारक मागवले दुसऱ्या विभागाने, आणि त्यांनी सीआर१०० मापाचे, म्हणजे सुमारे ९८.५ बाय ६७ मिलिमीटरच्या कार्डांसाठीचे, मागवले. कार्डाला ऐसपैस जागा मिळाल्यामुळे ते आत तिरके बसते. दोरीला हूक एकच असल्याने धारक सारखा गरगर फिरतो आणि नेमकी मागची बाजू पुढे करून थांबतो. त्यामुळे फोटोत कान दिसतात की नाही हा वाद मिटला असून, सध्या आम्ही सर्वजण छातीवर ‘हे सापडल्यास कृपया कार्यालयात जमा करावे’ अशी सूचना मिरवत फिरतो.