५:२१ च्या पुढेही आयती आहेत : 'इतिहासप्रेमी' यांना उत्तर

'इतिहासप्रेमी' साहेब,

"पवित्र भूमी कुणाच्या नावे?" या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बनी इस्राईलचं (इस्राईलच्या वंशजांचं, म्हणजे यहुद्यांचं) त्या भूमीशी असलेलं नातं कुराण मोकळेपणाने मान्य करतं, पण आजच्या इस्राएल राष्ट्राची हद्द त्यातून आखता येत नाही, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. त्यावर कुराणाच्या पाचव्या सूरहमधल्या (अध्यायातल्या) २१व्या आयतीचा (वचनाचा), म्हणजे ५:२१ चा, हवाला देऊन तुम्ही लिहिलंत : "लेखकमहाशयांनी कुराण उघडून तरी पाहिलं आहे का? ५:२१ म्हणजे अल्लाहने यहुद्यांना दिलेला सातबारा आहे. पुरोगामी चष्म्यातून तो दिसायचा नाही." खाली आणखी तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

"उघडून तरी पाहिलं आहे का" हा प्रश्न टोपणनावाआडून विचारणं सोपं आहे. मी अलिबागच्या कोर्टात केस पांढरे होईपर्यंत दिवाणी वकिली केली. बाररूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणारे एक ज्येष्ठ कोकणी मुस्लिम वकील कामकाज संपल्यावर सूरह घेऊन बसायचे, आणि माझ्या शंकांना कंटाळायचे नाहीत. आमच्या आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, एक कुटुंब होतं. त्यांच्याकडचा पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि खजुराचा मलिदा मी लहानपणापासून खाल्लाय, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या टाप्यावर, त्यांच्या पवित्र ठिकाणी, त्यांच्यासोबत गेलोय. ते कुटुंब पुढे इस्राएलमधल्या लोदला स्थायिक झालं. तेव्हा मला ज्यूंविषयी आकस आहे, असं सुचवण्याआधी जरा विचार करायला हवा होता. माझ्या लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मात्र मान्य. तेवढं सौम्य करतो.

आता तुमचा लाडका सातबारा. ही उपमा दुसऱ्या कुणाला दिली असतीत तर खपून गेली असती.

सातबारा हा मालकीचा दस्तऐवज नव्हे, साहेब. महसुलाची नोंद आहे ती. फेरफाराने नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. आणि उतारा घेऊन आलेल्या पक्षकाराला मी पहिल्यांदा 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवायला लावायचो. तिथे कुळाचं नाव निघालं की वरचा कब्जेदार घाम पुसायला लागायचा. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, आपल्याकडे कित्येक जमिनींचं काय झालं ते आजोबांना विचारा. तेव्हा ५:२१ हा सातबारा आहे असा तुमचा आग्रहच असेल, तर तो पूर्ण काढा. अर्धा उतारा दाखल करणाऱ्याला कोर्टात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

पूर्ण उतारा असा आहे. सूरह अल-माइदाच्या २१व्या आयतीत मूसा (मोझेस) आपल्या लोकांना म्हणतात, अल्लाहने तुमच्यासाठी लिहून ठेवलेल्या पवित्र भूमीत शिरा, पाठ फिरवू नका. तुम्ही इथेच थांबलात. २२व्या आयतीत लोक म्हणतात, तिथे दांडगे लोक आहेत, ते निघाल्याशिवाय आम्ही जाणार नाही. २४व्यात तर मूसांना उत्तर मिळतं की तू आणि तुझा रब जाऊन लढा, आम्ही इथेच बसलोय. आणि २६व्यात निकाल : ती भूमी त्यांना ४० वर्षं निषिद्ध, ते वणवण भटकतील. लिहूनही ठेवली आणि निषिद्धही केली, हे कसं, हा प्रश्न ९२३ साली वारलेल्या कुराणाच्या भाष्यकार तबरींनाही पडला होता. त्यांचं उत्तर असं की ती बनी इस्राईलसाठी लिहिली होती आणि त्यांनी तिथे वस्तीही केली, मात्र मूसांसमोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ती मिळेल असा त्याचा अर्थ नव्हे. चौदाव्या शतकातले भाष्यकार इब्न कसीर याच आयतीखाली म्हणतात की हा वारसा त्यांच्यातल्या श्रद्धा ठेवणाऱ्यांचा. म्हणजे देणंही आहे आणि अटही आहे. हद्द कुठली? तबरी तूर पर्वत, शाम (सीरियाकडचा प्रदेश), जेरिको अशी वेगवेगळी मतं नोंदवतात आणि स्वतः एवढंच म्हणतात की ती फरात (युफ्रेटिस) नदी आणि इजिप्तचं अरीश यांच्या दरम्यान कुठेतरी. अशा चतुःसीमेवर कुणी मोजणी आणून दाखवावी!

सूरह बनी इस्राईल, म्हणजे कुराणाचा १७वा अध्याय, तर तुम्हीच पुढे केलीत. १०४व्या आयतीत "तुम्हाला एकत्र आणू" असं आहे, म्हणून ती तुमच्या मते १९४८ च्या इस्राएल-स्थापनेची भविष्यवाणी. बहुतेक जुने भाष्यकार तिथल्या वचनाचा अर्थ कयामत (शेवटच्या निवाड्याचा दिवस) असा लावतात. शिवाय त्याच सूरहच्या ४ ते ८ या आयतींत दोनदा माजाल आणि दोनदा मार खाल, पुन्हा तसं वागलात तर आम्हीही तसंच वागू, अशी तंबी आहे. ती का गाळलीत?

आणि एकाच बाजूला झोडपतो म्हणू नका. हमासच्या १९८८ च्या सनदेत सगळं पॅलेस्टाइन कयामतीपर्यंत मुसलमानांचं वक्फ असल्याचं लिहिलंय. कुराणात असं कुठेही नाही. पॅलेस्टाइन हे नावच तिथे नाही, जेरुसलेमही नावानिशी नाही. ते वाक्य लिहिणारे आणि तुम्ही, दोघेही धर्मग्रंथाला तलाठी कार्यालय समजता.

यापेक्षा जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी शहाणे. १ मार्च १८९९ ला त्यांनी फ्रान्सचे प्रमुख रब्बी झादोक कान यांच्यामार्फत ज्यू राष्ट्राच्या चळवळीचे नेते हर्झल यांना पत्र पाठवलं. इतिहासाने पाहिलं तर तो देश तुमचाच, ज्यूंचा पॅलेस्टाइनवरचा हक्क कोण नाकारेल, असं त्या मुस्लिम गृहस्थाने स्वच्छ लिहिलं. आणि त्याच पत्रात विनवलं की तिथे आता दुसरे लोक राहतात, देवाच्या नावाने पॅलेस्टाइनला सोडा. यातली दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, हेच मी लेखात सांगत होतो. तुम्हाला पहिलं हवंय, तुमच्या विरोधकांना दुसरं.

राहिले तीन मुद्दे. अरब सातव्या शतकात 'बाहेरून' आले, हे तुम्ही म्हणता तितकं सरळ नाही. तिथल्या जुन्या रहिवाशांतल्या अनेकांनी भाषा आणि धर्म बदलला, ते कुठे गेले नव्हते. अरब देशांतून हुसकावलेल्या ज्यूंबद्दल मी गप्प का? दुःख खरंच आहे, १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून लाखावर ज्यू इस्राएलला गेले, पण लेखाचा तो विषय नव्हता. आणि माझ्या आडनावावरून काढलेल्या निष्कर्षाला मी उत्तर देणार नाही. तेवढी ओळ प्रतिक्रियेतून काढली आहे, बाकी मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे.