दहा मीटरचं चक्र पुरणार नाही

एका लेखात कल्पिलेल्या अंतराळयानात १० मीटर त्रिज्येचं फिरतं चक्र, त्याच्या कडेला आतून डोकं मध्याकडे करून उभ्या माणसांना पृथ्वीइतकं गुरुत्व देतं. गणित बसतं, पण त्यासाठी चक्राला मिनिटाला साडेनऊ फेरे घ्यावे लागतील आणि खरी गंमत तिथून सुरू होते. उभ्या माणसाच्या डोक्याशी गुरुत्व पायांपेक्षा जवळजवळ १८ टक्के कमी. फिरण्याच्या दिशेनं चाललात, तर वजन सुमारे १.३ पट, उलट वळलात की पाऊण पटीच्याही खाली! दीड मीटरवरून सोडलेला चेंडू पायाशी न पडता ६५ सेंमी मागे पडेल. पटकन मान वळवली तर कानातल्या द्रवामुळे गरगरून उलटी होईल ते वेगळंच.

मिनिटाला दोन फेरे बहुतेकांना सोसतात, पण मग त्रिज्या २२४ मीटर हवी. एवढं चक्र बांधण्यापेक्षा समान वजनाचे दोन भाग साधारण ४५० मीटर केबलनं जोडून फिरवणं स्वस्त. १९६६ मध्ये नासाच्या जेमिनी-११ यानानं ३० मीटरच्या दोरीनं हा प्रयोग केला होता, मात्र मिळालेलं गुरुत्व नगण्य होतं. केबलची मजबुती हा यातला सोपा भाग. माणसं-सामान इकडचं तिकडे झालं की फिरण्याचा मध्य सरकतो आणि सगळं डगमगू लागतं, म्हणून पाणी पंपानं फिरवून तोल साधावा लागतो. कादंबऱ्यांत हा पंप कुणी दाखवत नाही.