यंदाचं पाणी चौदा दिवस पुढं नाही, तुमची शीट चौदा ओळी वर सरकलीय

परवा रात्री साडेअकराला सांगलीहून आत्तीचा फोन. "आरं, पाणी चौदा दिवस आधीच आलंय म्हणं, तांदळाचं पोतं माळ्यावर टाकलंय, आता फ्रीज कुणी उचलायचा?" आत्ती गावभागात राहते, २०१९ ला तिच्या घरात छातीभर पाणी होतं, त्यामुळं तिच्या घाबरण्याला हसायची माझी टाप नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं एकटीनं पोतं वर चढवलं ते एका चार्टमुळं, आणि तो चार्ट साफ चुकलाय. मी इथं साताऱ्यात दिवसभर एक्सेलच चाळतो, पोट त्यावरच आहे, म्हणून हे टाईप करत बसलोय.

ज्यांच्याकडं तो फॉरवर्ड अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी: सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा एक चार्ट आहे, त्यात २०१९, २०२१ आणि यंदा अशा तीन रेषा, वर कोयना धरणाच्या साठ्याची एक निळी रेषा. खाली लिहिलंय की यंदा पाणी २०१९ पेक्षा १४ दिवस पुढं आहे, जुलैच्या सुरुवातीला ते एका रात्रीत वीस फूट चढलं, निळी रेषा नदीच्या रेषेला कापेल त्या दिवशी सांगली बुडणार, आणि हे सगळं कॉम्प्युटरनं काढलंय, तारखा आपोआप जुळतात त्यामुळं चूक शक्यच नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण खरं दुखणं तिथंच आहे. आपोआप काहीही जुळत नाही. एक्सेलच्या साध्या लाईन चार्टमध्ये खाली ज्या तारखा दिसतात त्या फक्त पहिल्या सिरीजच्या (सिरीज म्हणजे एका रेषेचे आकडे) असतात. बाकीच्या सिरीजचे आकडे तो नुसते नंबरानं लावत जातो, पहिला आकडा पहिल्या खुणेवर, दुसरा दुसऱ्या, बस्स. पंगतीला उशिरा आलेला माणूस पहिल्या पाटावर जाऊन बसला तर तो पहिला आला असं होत नाही, पण लाईन चार्टला तेवढंच कळतं.

आता चार्टसोबत फाईलपण फिरत होती म्हणून बरं, ती उघडली. २०१९ चे आकडे १ जूनपासून, २०२१ चे १ जूनपासून. आणि यंदाचे? १५ जूनपासून. ज्यानं कुणी हे केलं त्यानं यंदा नोंदी उशिरा घ्यायला सुरुवात केली असणार, त्यात काही पाप नाही. पण १५ जूनचा आकडा गेला १ जूनच्या डोक्यावर, आणि पुढचं सगळं चौदा घरं डावीकडं. म्हणजे जे १४ दिवस वाचून आत्तीची झोप उडाली ते नदीचे नाहीतच, ते त्या शीटमध्ये न भरलेले १४ दिवस आहेत! आणि हे कळायला फाईलसुद्धा लागत नाही हो, नुसता फोटो नीट बघा. फॉरवर्ड आला २७ जुलैला, यंदाची रेषा संपतेय १३ जुलैवर. मधले दोन आठवडे नदी रजेवर होती का?

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानावर लाईन चार्ट आणि स्कॅटर चार्ट यातला फरक सरळ लिहिलाय, लाईनवाला खालच्या नोंदी सारख्या अंतरावर मांडतो, स्कॅटरवाला प्रत्येक बिंदू त्याच्या दोन्ही आकड्यांवरून बसवतो. उदाहरणसुद्धा रोजच्या पावसाचं घेतलंय त्यांनी. यावर ग्रुपवरचे एक साहेब म्हणाले, मग स्कॅटर करा की, झालं. नाही झालं. एक्सेलला तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेला दिवसांचा आकडा, १५ जून २०१९ म्हणजे त्याच्या लेखी ४३६३१ आणि १५ जून २०२१ म्हणजे ४४३६२. तसंच स्कॅटर केलं तर एक पूर डाव्या कोपऱ्यात, दुसरा उजवीकडं, मधे नुसतं मैदान. आधी एक जादा कॉलम करायचा, प्रत्येक तारखेतून त्याच वर्षाची १ जून वजा करायची आणि एक मिळवायचा. १ जून म्हणजे दिवस १, ३० सप्टेंबर म्हणजे दिवस १२२. हा कॉलम खाली आणि पातळी उभी, प्रत्येक वर्षाची सिरीज वेगळी, मग कुणी कधीही सुरुवात करू दे, प्रत्येक आकडा आपापल्या दिवसावरच बसतो. (कारखान्यांच्या गळिताचे आकडे असे मांडणाऱ्यांनी १ ऑक्टोबरपासून मोजावं, नाहीतर जानेवारी नोव्हेंबरच्या आधी येऊन बसतो. आमच्या ऑफिसात दर वर्षी कुणीतरी हे करतंच.)

एका रात्रीत वीस फूट? ज्या दिवसाची नोंद नव्हती तिथं गड्यानं शून्य भरलंय. रेषा तळाला जाते आणि दुसऱ्या दिवशी परत वर येते. आयर्विनखाली कृष्णा शून्यावर गेली आणि आख्ख्या सांगलीत कुणाला दिसली नाही, असं समजायचं का? नोंद नसेल तर घर रिकामं सोडा, तिथं रेषा तुटू दे.

निळ्या रेषेचं तर काय बोलायचं. कोयना टीएमसीत (अब्ज घनफुटांत), डाव्या अ‍ॅक्सिसवर, म्हणजे डावीकडच्या उभ्या मोजपट्टीवर. नदी फुटांत, उजव्या अ‍ॅक्सिसवर. या दोन रेषा कुठं कापतात हे फक्त अ‍ॅक्सिसचा वरचा आकडा किती ठेवलाय त्यावर ठरतं. मी उजवा अ‍ॅक्सिस ६० चा १०० केला, महापूर ऑगस्टमधून गायब. ३० केला, तर जूनमध्येच सांगली बुडाली. दोन क्लिकमध्ये महापूर येतो आणि जातो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला पाहिजे हे. फुटांचंच बघायचं तर आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, या दोन आडव्या रेषा त्या चार्टवर मारल्या असत्या तर काहीतरी उपयोग होता. फॉरवर्ड आला त्या दिवशी पाणी चाळीसच्या बरंच खाली होतं, आणि नेमक्या ह्या दोनच रेषा त्यात नाहीत.

आता एक मान्य करतो, नाइलाजानं. वर्षं एकावर एक ठेवून बघायची कल्पना चांगलीच आहे. कोयना लवकर भरली तर पुढच्या पावसाला जागा कमी उरते, सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावरून सांगलीकडंच जातं, हेही खरं. आणि पूर दोन आठवडे आधी येऊ शकतो हे तर झालेलंच आहे, २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांवर पाणी गेलं ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, २०२१ ला ५४ च्या पुढं गेलं ते जुलै संपायच्या आतच. माझ्या दुरुस्त चार्टमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. वैताग त्याचाच येतो, की त्यांच्या चार्टवर २०२१ चे खरे दोन आठवडे आणि यंदाचे खोटे दोन आठवडे शेजारी शेजारी अगदी सारखेच दिसतात, बघणाऱ्यानं ओळखायचं कसं?

नवीन चार्ट रात्रीच आत्तीला पाठवला, यंदाची रेषा २०१९ च्या खालून चाललेली. तिनं तो बघितला का माहीत नाही, पण परत फोन आला. "मग पोतं खाली आणू व्हय?"

म्हटलं नको, राहू दे माळ्यावरच. अजून आख्खा ऑगस्ट जायचाय.