मी गावस्कर नाही

"आदरणीय सर, 7 जून 1975 रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध संपूर्ण 60 षटके खेळूनही आपण केवळ 36 धावा का केल्यात, हे कृपया सविस्तर कळवावे. शाळेत प्रकल्प द्यायचा असल्यामुळे गुरुवारपर्यंत उत्तर मिळाल्यास बरे होईल." असे पत्र एका सकाळी मला आले. ज्या दिवसाचा जाब मला विचारला जात होता, त्या दिवशी मी चौदा वर्षांचा होतो आणि डोंबिवलीत रॉकेलच्या रांगेत हातात डबा घेऊन उभा होतो. तरीही पत्र वाचताना मी क्षणभर ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे.

खुलासा असा, की मी सुनील गावस्कर यांचा जुना भक्त असून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यावर एक छोटेसे संकेतस्थळ चालवतो. त्यापूर्वी पस्तीस वर्षे मी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळत होतो. घरातली कात्रणांची ट्रंक वाळवीच्या स्वाधीन होण्याच्या बेतात असताना भाच्याने, "मामा, हे सगळे संगणकावर टाकू या," असे सुचवले आणि एका रविवारी दुपारी जेवण होता होता ते उभेही करून दिले. मजकूर तेवढा मी लिहायचा होता. मुखपृष्ठावर मी लिहिले, "नमस्कार! माझ्या संकेतस्थळावर आपले मनःपूर्वक स्वागत असो. माझ्या आयुष्यात क्रिकेटला फार मोठे स्थान आहे." या दोन्ही वाक्यांत असत्य असे काहीच नाही. त्याखाली भाच्याने गावस्करांचे सरळ फटका मारतानाचे पानभर छायाचित्र लावले आणि छायाचित्राखाली "मला लिहा" अशी पाटी ठोकली. पुढचे सगळे रामायण या तीन गोष्टींच्या शेजारधर्मातून घडले.

पत्रे येऊ लागली. बॅट किती वजनाची वापरायची, हे एकाने विचारले. रणजीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध आपण अचानक डावखुरे कसे झालात, असे दुसऱ्याने विचारले. एका गणेशोत्सव मंडळाने बक्षीस समारंभाचे निमंत्रण धाडले होते. मानधन देता येणार नाही, पण शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचे भाडे देऊ, असे त्यात लिहिले होते. (माझ्या योग्यतेच्या मानाने हे आमंत्रण इतके बरे होते, की नकार लिहायला मला दोन दिवस लागले.) एका गृहस्थांचा राग तर 1981 सालापासून साठलेला होता. मेलबर्नला पायचीत दिल्यावर तुम्ही रागावून निघालात ते निघालात, पण समोरच्या बिचाऱ्या चेतन चौहानांना कशाला बरोबर घेऊन चालला होता, असा त्यांचा सवाल होता. उत्तर देऊ लागलो तर मी तोतया ठरणार आणि न द्यावे तर गावस्कर उद्धट ठरणार, अशी ती कात्री होती.

स्वतः गावस्करांना अदलाबदलीचा अनुभव जन्मापासूनचा आहे. इस्पितळात त्यांची एका कोळिणीच्या बाळाशी अदलाबदल झाली होती आणि बाळाच्या कानाजवळचे बारीकसे भोक दिसेना म्हणून नारायण मसुरेकर या त्यांच्या काकांनी शोधाशोध करून खरे बाळ परत मिळवले, ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेली आहे. माझ्या वेळी कान तपासणारे काका कुणी नव्हते. लोकांनी 'मी' हा शब्द पाहिला, वर छायाचित्र पाहिले आणि बाळ ज्याचे त्याच्या पाळण्यात ठेवून ते मोकळे झाले.

तेव्हा हा 'मी' काढून टाकण्याचे मी ठरवले. वाटले तितके ते सोपे निघाले नाही.

पहिला उपाय 'प्रस्तुत लेखक' हा होता. "प्रस्तुत लेखकाने हा डाव आकाशवाणीवर ऐकला," असे लिहिले की विद्वत्तेचा वास येतो, हे खरे आहे. परंतु आमच्या घरी एक अडचण आहे. माझी पत्नी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवत होती आणि माझा मजकूर ती आजही लाल पेन हातात घेतल्याशिवाय वाचत नाही. तिने पहिले पान वाचले, चष्मा काढला आणि स्वयंपाकघरात जाता जाता विचारले, "प्रस्तुत लेखक दूध आणायला कधी जाणार आहेत?" त्यानंतर आठवडाभर घरात प्रस्तुत लेखकांचे जेवण वाढले जात होते आणि प्रस्तुत लेखकांचा टॉवेल पलंगावरच पडलेला असे. मी तो प्रयोग आवरता घेतला.

मग कार्यालयातली जुनी सवय कामाला आली. कर्त्याला गुलदस्त्यात ठेवून वाक्य पूर्ण करणे ही आमच्या खात्याची खासियत होती. कार्यवाही करण्यात येत असे, ती नेमकी कुणी केली हे कुणालाच कळत नसे. त्याच धाटणीत मी डिसेंबर 1983 मधल्या मद्रास कसोटीचे पान लिहिले. गावस्करांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 236 धावा करून तिसावे शतक पूर्ण केले आणि ब्रॅडमन यांच्या 29 शतकांना मागे टाकले, तो हा सामना. माझा मजकूर असा होता : "सदर शतक रेडिओवर ऐकण्यात आले. तद्नंतर चाळीत पेढे वाटण्यात आले. रात्री उशिरापर्यंत जागण्यात आले व एकदा रडण्यातही आले." पत्नीने समासात लिहिले, "रडल्याची पोच कोणाकडून घेतली?"

त्यानंतर 'आम्ही' आले. आमच्या भाषेत एका माणसाने स्वतःला 'आम्ही' म्हणायला मनाई नाही. राजेलोक म्हणत असत, संपादक म्हणतात, आणि रागावलेला सासराही म्हणतो. "आम्ही गावस्करांचे निस्सीम चाहते आहोत," असे मी लिहिले. लगेच विचारणा झाली, की आपल्या मंडळाची सभासद संख्या किती आहे, वर्गणी किती आहे आणि ठाणे शाखा काढता येईल काय. एकाने तर वर्गणीचा हिशेब मागितला. वास्तविक त्याने वर्गणी दिलेली नव्हती.

खरी गंमत 'आपण' या शब्दात झाली आणि तिथे मात्र थोडे थांबावे लागेल, कारण या शब्दाने माझी जेवढी झोप उडवली तेवढी चौघा वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी मिळूनही कुणाची उडवली नसेल. क्रिकेट पाहताना मराठी माणूस 'आपण' हेच सर्वनाम वापरतो. आपण जिंकलो, आपल्याला अजून चाळीस हव्यात, आपली शेपूट वळवळत नाही. (हरल्यानंतर मात्र तो ताबडतोब "या लोकांना खेळताच येत नाही" असे म्हणून तृतीयपुरुषात निघून जातो.) म्हणून ओव्हलच्या पानावर मी मोठ्या आपुलकीने लिहिले : "1979 साली ओव्हलवर आपण 221 धावा केल्या." वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे, हा एक अर्थ. 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही, हा दुसरा. म्हणजे वाचणाऱ्यानेच त्या धावा केल्या, असे मी त्याला नम्रपणे कळवत होतो. आणि "आपण नाही बुवा कुणाला घाबरत" असे कट्ट्यावर म्हणतात त्या चालीने 'आपण' म्हणजे चक्क मी, हा तिसरा. क्रियापदाकडे दाद मागावी तर तेही फितूर होते. मराठीत 'केल्या' हे रूप धावांच्या मागे जाते, धावा काढणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी केल्या, त्यांनी केल्या, आपण केल्या, सगळे एकच. वैतागून मी कर्ताच गाळला आणि नुसते "ओव्हलवर 221 धावा केल्या" एवढेच ठेवले. दुसऱ्याच दिवशी एका सद्गृहस्थांचे पत्र आले : "438 धावांचे लक्ष्य होते, आपण 429 पर्यंत आलात, फक्त नऊ कमी पडल्या. मनाला लावून घेऊ नका." मी मनाला लावून घेतलेले होतेच, गेली चाळीस वर्षे, पण सांत्वनाचे पत्र येईल असे वाटले नव्हते.

एकेरी आणि आदरार्थी हा याच दुखण्याचा धाकटा भाऊ. कट्ट्यावर आम्ही सगळे "गावस्कर खेळतोय ना?" असेच विचारत होतो, त्यात अनादर नव्हता, देवाला एकेरीत हाक मारतात त्यातलाच तो प्रकार होता. पण छापील अक्षरात "मी गावस्करला पाहिला" हे वाक्य आम्ही दोघे एकाच डब्यातून दादरला उतरत असल्यासारखे दिसते, आणि "गावस्कर शून्यावर निवर्तते झाले" अशा थाटाचे आदरार्थी लिहिले की स्कोअरकार्डाला सुतक लागते.

शेवटी, 'मी' ठेवायचाच, पण तो माझाच आहे हे वाचणाऱ्याला पदोपदी कळेल असा ठेवायचा, असे मी ठरवले. त्या भरात 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचे पान नव्याने लिहून काढले. पत्नीने ते लाल पेनाने मोजले. 'मी', 'मला', 'माझा' आणि त्यांचे आप्तेष्ट मिळून 63 वेळा आले होते. गावस्कर नऊ वेळा. पहिल्या परिच्छेदात मला गोवर आला होता. दुसऱ्यात वडिलांनी वर्तमानपत्र आधी स्वतः वाचण्याचा हट्ट धरला होता. तिसऱ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने माझी पट्टी मोडली होती. पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत 774 धावा आणि 154.80 ची सरासरी, ही ज्या पराक्रमासाठी पान काढले ती गोष्ट अगदी तळाला, पाहुणे निघून गेल्यावर आठवलेल्या कोशिंबिरीसारखी होती. "हे संकेतस्थळ कुणाच्या चाहत्याचे आहे?" असे तिने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

उरले ते 7 मार्च 1987 चे पान. अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध, एजाज फकीहच्या गोलंदाजीवर, गावस्करांनी कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. तिथवर पोहोचणारे ते जगातले पहिले फलंदाज. हे सगळे दूरदर्शनवर दिसले होते. म्हणून मी ऐटीत लिहिले, "हा ऐतिहासिक क्षण मी माझ्या डोळ्यांनी पाहिला." खालच्या मजल्यावरचे काका हे वाचून जिना चढून वर आले. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ते सहसा जिना चढत नाहीत. दारातच म्हणाले, "अरे, तू कुठे पाहिलास? तू गच्चीवर होतास!"

होतो खरा. त्या शनिवारी आमच्या खोलीत वीस-बावीस माणसे दाटीवाटीने बसली होती आणि पडद्यावर मुंग्या येऊ लागल्याबरोबर घरातला सडपातळ मुलगा म्हणून मला वर पिटाळण्यात आले होते. अँटेनाचा गज डाव्या हाताने पकडून, ठाण्याच्या दिशेला किंचित झुकून, उजवा पाय पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकवला की चित्र स्वच्छ येते, असा शोध लागला होता. खालून आवाज आला, "आलं, आलं! हलू नकोस!" मी हललो नाही. गज उन्हाने तापला होता, म्हणून मी शर्टाचे टोक हाताभोवती गुंडाळले. थोड्या वेळाने खाली एकदम आरडाओरडा झाला, भांडी वाजली, कुणीतरी जिन्यात नाचू लागले. "झाल्या का?" असे मी कठड्यावरून ओरडून विचारले. तेवढ्याने गज हलला असावा, कारण खालून बावीस माणसांनी एका सुरात माझा उद्धार केला. लोक मैदानात घुसले आहेत, खेळ थांबला आहे, हे सगळे मला नंतर तुकड्यातुकड्याने समजले. मी पाहिले होते ते एवढेच, की पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरही एक पोरगा तसाच गज धरून उभा होता आणि त्याने माझ्याकडे पाहून मोकळा हात वर केला.

ते वाक्य मी बदलले. "त्या वेळी मी अँटेना धरून उभा होतो," असे लिहिले. पत्नीने पान वाचले, लाल पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावून ठेवले.

मुखपृष्ठाचा बंदोबस्त तेवढा बाकी होता. भाच्याने सगळ्यात वर, ठळक तांबड्या अक्षरांत, "मी गावस्कर नाही. मी त्यांचा एक सामान्य चाहता आहे," अशी पाटी लावून दिली. मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी त्याच विद्यार्थ्याचे पत्र आले. "आदरणीय सर, एवढे थोर असूनही आपण स्वतःला सामान्य म्हणवता, हा आपला विनय वर्गात वाचून दाखवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. प्रकल्पाची मुदत पुढच्या गुरुवारपर्यंत वाढवून मिळाली आहे. 36 धावांचे मात्र राहिलेच."

मी बराच वेळ बसून राहिलो. मग उत्तर लिहायला घेतले. समोर 334 धावांचा डोंगर होता, आपण 60 षटकांत 3 बाद 132 केल्या, 202 धावांनी हरलो, हे सगळे व्यवस्थित लिहिले, 174 चेंडूंत एकच चौकार होता हेही लपवले नाही, आणि शेवटी लिहिले, "बाळा, त्या दिवशी आपले चुकलेच."