40 ग्रॅम, पण किती रुपयांचे?
‘महिलेला परदेशातून 40 ग्रॅम दागिने करमुक्त आणता येतात’ हे लेखातील विधान अर्धेच आहे. बॅगेज नियम, 2016 मध्ये ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांपुरती होती आणि वजनासोबत 1 लाख रुपयांची मूल्यमर्यादाही होती (पुरुषांना 20 ग्रॅम व 50 हजार).

2023 मध्ये नागपूरला उतरलेल्या माझ्या भाचीने याच अर्धवट माहितीवर विसंबून चार तोळ्यांच्या पाटल्या आणल्या होत्या. ग्रॅमला सुमारे 6 हजारांच्या तेव्हाच्या भावाने 1 लाखात जेमतेम 16-17 ग्रॅम बसत होते. तिने रेड चॅनलला (शुल्कपात्र सामान जाहीर करण्याच्या कस्टम्सच्या मार्गिकेत) जाऊन रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या पावतीसह स्वतःहून दाखवल्या, म्हणून मर्यादेवरच्या सोन्याचे शुल्क भरून प्रकरण मिटले. दारव्ह्याहून जीप घेऊन गेलेले आम्ही मात्र दोन तास बाहेर ताटकळलो.