सिंधू लिपी अजून कोणीही वाचलेली नाही

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. "सिंधू लिपी अखेर उलगडली, कॉम्प्युटरने काही तासांत काम फत्ते केलं!" खाली झेंडे, जोडलेले हात. कोणी वाचली, कुठे छापलं, कोणी तपासलं, काही पत्ता नाही. डोकं फिरलं माझं. असे दावे वर्षानुवर्षं चाललेत. एकाला तिच्यात संस्कृत दिसतं, दुसऱ्याला तमिळ. सिंधू संस्कृतीच्या एकाच मुद्रेतून, म्हणजे शिक्क्यातून, दोघं दोन वेगळी वाक्यं काढत असतील तर वाचलं कोणी?

ती मुद्रा नीट बघितलीय का कोणी? बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोनी दगड, त्यावर एकशिंगी प्राणी आणि डोक्यावर पाचेक चिन्हं. सरासरी तेवढीच असतात. एका बाजूवरचा सगळ्यात लांब मजकूर १७ चिन्हांचा. भाषा अनोळखी, लिपी अनोळखी, शेजारी ओळखीच्या लिपीतला तोच मजकूरही नाही. आपल्या गुजरातेतच, कच्छमध्ये धोळावीराला हातभर उंच दहा चिन्हांची पाटी सापडली. गावाचं नाव असेल असं वाटतं खरं, पण वाटणं म्हणजे वाचणं नव्हे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून आजोबांच्या कागदांचं गाठोडं निघालं. सगळं मोडी लिपीत. ओळखीचे एक काका वाचायला आले. मोडी जाणणारा माणूस, भाषा आपली मराठीच, तरी पहिलं पत्र पुढे सरकेना. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत फट नाही, बोरू उचललेलाच नाही. शेवटी भिंग खाली ठेवून ते आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांच्या घरात नावं काय काय होती? गाव कुठलं?" आई सांगत गेली. आजीचं नाव, दोन्ही आत्यांची, गाव नवसारी. काकांचं बोट कागदावरून फिरत एका जागी थांबलं. "ह्या बघा तुमच्या नणंदबाई." त्या नावांवरून आजोबांच्या हाताची वळणं कळली आणि मग पत्र धडाधड वाचलं गेलं. गहाण टाकलेल्या पाटल्यांचा हिशेब होता.

जगात लिप्या उलगडल्या त्या बहुतेक अशाच, एखादं ओळखीचं नाव किंवा शब्द आधी हाती लागला म्हणून. इजिप्तची चित्रलिपी वाचणाऱ्या शांपोलियोंला १८२२ मध्ये टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही राजाराण्यांची नावं हाताशी होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाला दिसलं की सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे लेख त्याच दोन अक्षरांवर संपतात. 'दानं' असणार हे त्याने ओळखलं आणि अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी सुटली. लिनियर बी ही ग्रीसमधली प्राचीन लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने सोडवली ती क्रीट बेटावरच्या गावांची नावं धरून. त्याच्याआधी अॅलिस कोबर या बाईने कागदाच्या टंचाईत जुन्या ग्रीटिंग कार्डांच्या पाठीवर चिन्हं टिपून हजारो चिठ्ठ्या केल्या होत्या. १९५० मध्ये ती गेली, उत्तर तिला बघायला मिळालं नाही. आणि इथे काही तासांत काम फत्ते! चीड येते ती याची.

मान्य, व्हेंट्रिस वास्तुविशारद होता, प्राध्यापक नव्हता. बाहेरचा माणूसही गड घेतो. आणि मोजदादीला कॉम्प्युटर हवाच, या लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी सिंधू लेखांची १९७७ ची सूची त्याच्याच मदतीने केली. पण काकांना आईने नावं सांगितली नसती तर कॉम्प्युटर काय करणार होता?

आणि हो, ते गाठोडं पस्तीवाल्याला द्यायला निघालेला आमचा भाऊच आज हा मेसेज पुढे ढकलतोय. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांचा अभिमान आहे, स्वतःच्या आजोबांची अक्षरं किलोवर विकायला तयार! जाऊ दे. माझाच भाऊ आहे, मनाने वाईट नाही.

मग ही लिपी कधीच वाचता येणार नाही का? मला वाटतं येईल. मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराककडचे, लोक मेलुह्हा नावाच्या देशाशी व्यापार करत, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात तो देश म्हणजे सिंधूचाच प्रदेश. शू-इलिशू नावाच्या एका माणसाची मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, तिच्यावर त्याचा धंदा कोरलाय: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. म्हणजे दोन्ही भाषा जाणणारा माणूस होता! त्याने किंवा त्याच्यासारख्या कोणी एखादा करार, एखादी पावती दोन्ही लिप्यांत लिहिली असेल, आणि ती इराकच्या एखाद्या टेकाडाखाली नाहीतर आपल्या गुजरातेत, लोथल या सिंधू काळातल्या गावाच्या आसपास अजून असेल, अशी मला खरंच आशा आहे. त्यावर एक तरी व्यापाऱ्याचं नाव असू दे.