चालायचं थोडं, उभं फार

‘हेरिटेज वॉक’मधला ‘वॉक’ फसवा आहे. दोन तासांच्या फेरीत चालणं जेमतेम दोन किलोमीटर, म्हणजे रमतगमत पाऊण तास. उरलेला सव्वा तास कुठल्यातरी बंद दारासमोर मान वर करून उभं राहायचं. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारी माणसंही चौथ्या थांब्यावर टेकायला खांब शोधू लागतात, ती उगाच नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैलावतात आणि रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की हा पंप मंदावतो, रक्त खाली साचतं आणि इतिहास पायांत उतरतो. संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच लेख लिहिला होता. वस्तू पाहताना माणसाला किती वाकावं आणि ताणावं लागतं, हे त्यांनी चक्क फोटो काढून दाखवलं. माझा उपाय साधा आहे: गाईड सनावळी सांगत असताना टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, दहा-बारा वेळा. बघणाऱ्यांना वाटतं, पुढचं दिसावं म्हणून धडपडतोय.

खरा अन्याय शेपटाकडच्यांवर होतो. पंचवीस जणांचा घोळका अरुंद गल्लीत शिरला की त्याची लांबलचक रांग होते. पुढचे थांब्यावर पोचतात, दम घेतात, पाणी पितात. मागचे धापा टाकत पोचतात तोवर गाईड म्हणतो, “चला, पुढे.” म्हणजे ज्यांना विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही. जाणता गाईड शेवटचा माणूस आल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो आणखी एक गोष्ट पाळतो: ऊन स्वतःच्या तोंडावर घेतो, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या पाठीवर ऊन येतं आणि त्यांना डोळे बारीक करावे लागत नाहीत.

आता कानांचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं घटतो. गाईडपासून एक मीटरवर उभा असलेला माणूस आणि चार मीटरवरचा माणूस यांच्यात 12 डेसिबलचा फरक, शिवाय मधे इतरांची डोकी. पहिल्या रांगेला संपूर्ण वंशावळ मिळते, शेवटच्या रांगेला फक्त ‘खून’ आणि ‘तिसऱ्या मजल्यावर’. भोंगा लावावा, तर वर राहणाऱ्यांच्या खिडक्या धाडकन लागतात. व्हेनिसनं 2024 पासून पर्यटकांच्या गटाला पंचवीसची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकावरही बंदी आणली. तिथल्या रहिवाशांची दुपारची झोप मला समजू शकते. म्हणून जागा पकडायची ती दुसऱ्या रांगेच्या कडेला. तिथून ऐकूही येतं आणि पुढचा मोबाईल डोक्यावर धरून उभा राहिला तरी बाजूनं दिसतं.

सगळे वरची नक्षी बघत असतात तेव्हा मी खाली, विटांच्या सांध्यांकडे बघतो. मूळचा चुन्याचा सांधा पांढुरका आणि मऊ असतो. भिंतीतली ओल त्यातून सहज निघून जाते. मग कुणीतरी दुरुस्ती म्हणून त्यावर करडं सिमेंट भरतं. ओलीची वाट बंद होते, ती विटेतून बाहेर पडू पाहते, वाळताना क्षारांचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांत वीट बोटभर आत जाते आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उरते, मध संपलेल्या पोळ्यासारखी. इमारत दुरुस्तीनंच झिजतेय, हे त्या हातभर भिंतीवर लख्ख लिहिलेलं असतं. पण गाईड इथे थांबत नाही. त्याला भुयाराकडे जायचं असतं.

भुयार प्रत्येक जुन्या वस्तीत असतंच. ते नेहमी बंद असतं, थेट किल्ल्यापर्यंत किंवा नदीपर्यंत जातं आणि त्यातून घोडेस्वार सहज जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी ते तळघर किंवा सांडपाण्याचा मोठा नाला निघतं. पण नाला म्हटलं की घोड्याचं काय करायचं?

शेवटच्या थांब्यावर गाईड विचारतो, “काही प्रश्न?” सगळ्यांच्या पायांचे गोळे झालेले. कुणी बोलू नये म्हणून आम्ही श्वास रोखतो. तेवढ्यात दोन तास गप्प असलेला एक हात वर येतो.

“ते भुयार... आतून कसं होतं म्हणालात?”